सराफ्यातला मासा

जबलपूरच्या सराफ्यात आमचे बिऱ्हाड आहे. त्रिपुरीच्या १९३९ सालच्या काँग्रेस अधिवेशनाचे स्मारक म्हणून ओळखली जाणारी कमानिया गेट ओलांडली, की सोन्याचांदीच्या पेढ्यांची रांग सुरू होते, आणि त्या रांगेतच वरच्या मजल्यावर आम्ही राहतो. या वस्तीत वाढलेल्या मुलाला ‘मासा’ हा शब्द प्रथम पाण्यातून कळत नाही, तराजूतून कळतो. आठ गुंजांचा एक मासा आणि बारा माशांचा एक तोळा, हे कोष्टक मी पाढ्यांच्या आधी शिकलो. सरकारी वजने ग्रॅममध्ये आली त्याला आता कितीतरी वर्षे लोटली. तरी जुने सराफ बोलण्याच्या ओघात अजून माशाचा हिशेब करतात. एक मासा म्हणजे जेमतेम एक ग्रॅम. परंतु या गल्लीत त्या मासाभर मालासाठी माणसे तासतासभर घासाघीस करतात, आणि कोणी कोणाला क्षुद्र म्हणत नाही.

याहून बारीक हिशेब करणारी माणसेही येथे आहेत. पहाटे दुकाने उघडण्यापूर्वी हाती कुंचा आणि घमेले घेतलेली काही माणसे सोनारांच्या उंबऱ्यापुढची माती, गटाराच्या कडेचा गाळ झाडून गोळा करतात. इकडे त्यांना न्यारिया म्हणतात. आपल्या मराठीत त्यांना झारेकरी असे सुरेख नाव आहे. इतरांच्या दृष्टीने जो केर, तो धुऊन, गाळून, आटवून हे लोक त्यातून सोन्याचे कण काढतात आणि त्यावर संसार चालवतात. मी आज ज्या विषयावर बोलणार आहे तो विषय माझ्या मनात या झारेकऱ्यांकडे पाहता पाहताच स्पष्ट झाला. नर्मदेच्या पात्रात आणि आसपासच्या तळ्यांत असाच एक केर पोहत असतो. बोटाएवढे, दोन बोटांएवढे ते मासे. बाजारात त्यांना मान नाही, शिकाऱ्याच्या लेखी ते केवळ गळाला लावायचे आमिष, आणि सरकारी कागदांत तर ते चक्क तण.

त्यांची आणि माझी ओळख तिलवारा घाटाच्या वरच्या अंगाला झाली. ग्वारीघाटावर भाविक लोक माशांना कणकेच्या गोळ्या घालतात. तेथे गळ टाकण्याचे कोणी मनातही आणीत नाही, आणि तेच योग्य आहे. म्हणून घाट सोडून बरेच दूर, एका खडकावर बसून एक वृद्ध ढीमर आपली लांब दोरी सोडीत होता. त्या दोरीला हातहातभर अंतरावर गळ बांधलेले होते आणि प्रत्येक गळात एकेक जिवंत चंदेरी मासोळी अडकवलेली होती. मोठ्या पढिनसाठी, म्हणजे ज्याला आपल्याकडे शिवडा म्हणतात त्या दाढाळ माशासाठी, ही तयारी. शेजारच्या मडक्यात तशाच शेदीडशे मासोळ्या चुळबुळत होत्या. मी विचारले, ‘‘दादा, ही कोणती मासळी?’’ तो म्हणाला, ‘‘बाबूजी, ये मछली थोड़े है, ये तो चारा है.’’ संध्याकाळी मात्र मी परतताना पाहिले, तर दोरीला एकही मोठा मासा लागलेला नव्हता, आणि म्हातारा तीन दगडांच्या चुलीवर त्याच ‘चाऱ्याला’ हळदमीठ लावून भाजीत होता. माझ्याकडे पाहून तो थोडा लाजला. मला त्याने पळसाच्या पानावर चार मासोळ्या दिल्या. डोक्यापासून शेपटीपर्यंत काट्यासकट कुरकुरीत अशा त्या मासोळ्यांची चव माझ्या जिभेवरून अजून गेलेली नाही. आणि त्याचे ते लाजणेही माझ्या मनातून गेलेले नाही.

हे लाजणे कोठून आले, याचा विचार करण्यापूर्वी या माशांचा थोडा परिचय करून घेऊ. मडक्यातल्या त्या मासोळीला चिलवा किंवा चेलवा म्हणतात. अंग सुरीच्या पात्यासारखे चपटे, पोटाची कडा धारदार, तोंड किंचित वर वळलेले. कारण हा मासा पाण्याच्या पृष्ठभागावर राहतो आणि पडलेले किडे-माश्या टिपतो. बहुधा वितीच्या आत, क्वचित थोडा मोठा. दुसरी कोतरी. ही जाड अंगाची, मोठ्या खवल्यांची, बोटभर लांबीची असते आणि शेपटीच्या मुळाशी काळा ठिपका असतो. तिचीच एक लहान बहीण आहे, तिच्या अंगावर दोन ठिपके असतात. तिसरी मोला. दिसायला सर्वांत साधी. बारीक खवले, कुशीवरून गेलेली चकचकीत रुपेरी पट्टी आणि अंगाच्या मानाने मोठे डोळे. चौथी, ओठाला लांबलचक मिशा असलेली एक चिमुकली मासोळी, जी भातखाचरांच्या पाण्यातही जगते. शास्त्रज्ञांच्या भाषेत हे बहुतेक सारे रोहू-कटल्याच्याच विस्तृत कुळातले. श्रीमंत घराण्याचे गरीब नातलग म्हणा हवे तर.

या गरिबांना एक मान मात्र मिळालेला आहे आणि तो फारसा कोणाला ठाऊक नाही. फ्रान्सिस हॅमिल्टन नावाच्या स्कॉटिश वैद्याने गंगा आणि तिच्या उपनद्यांतील माशांवर १८२२ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. नव्या माशाला लॅटिन नाव देताना त्याने अनेकदा कोळ्यांच्या तोंडचे नावच उचलले. म्हणून आज जगातील कोणत्याही प्रयोगशाळेत मोल्याला ‘मोला’च म्हणावे लागते. ज्या कोळ्यांना आपण अडाणी म्हणतो त्यांनी केलेले नामकरण विज्ञानाने दोनशे वर्षे शिरोधार्य मानले आहे. नाव टिकले, पान मात्र उठले.

ते का उठले, याची माझ्या मते तीन कारणे आहेत.

पहिले कारण साहेबांचा शौक. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात नर्मदा, तिच्या उपनद्या आणि हिमालयातल्या नद्या येथे महसीर पकडण्याचे वेड इंग्रज अधिकाऱ्यांना लागले. एच. एस. थॉमस या सनदी अधिकाऱ्याचे ‘द रॉड इन इंडिया’ हे १८७३ सालचे पुस्तक या वेडाची पोथीच होते. त्या व्यवहारात चिलव्याचे स्थान ठरलेले होते. महसीराला भुलवण्याचे आमिष. साहेबाने ज्याला आमिष म्हटले त्याला त्याच्या खानसाम्याने आणि पुढे आपल्या बाबूलोकांनीही आमिषच म्हटले. गंमत अशी, की याच काळात लंडनजवळ ग्रीनिच येथे पार्लमेंटचे अधिवेशन संपल्यावर मंत्रिमंडळाची जी मेजवानी होत असे, तिचे मुख्य पक्वान्न बोटाएवढे तळलेले मासे हेच होते. त्या पदार्थाचे नाव व्हाइटबेट, म्हणजे शब्दशः ‘पांढरे आमिष’! स्वदेशी असताना ते आमिष मंत्र्यांच्या ताटात जात होते आणि येथे त्यांचेच अधिकारी तसल्याच मासोळ्या गळाला टोचीत होते. प्रतिष्ठा ही वस्तूत नसते, ती ताट कोणाचे आहे यावर ठरते, याचे याहून बोलके उदाहरण मला आढळलेले नाही.

दुसरे कारण बाजाराचे. मोठा मासा किलोने विकतात. त्याचे तुकडे पडतात, बर्फात घालून तो दूर पाठवता येतो. लहान मासा दुपारपर्यंत मऊ पडतो. तो ढिगाने विकला जातो. कोकणात या ढिगाला ‘वाटा’ म्हणतात. माझी आई मुरुडची. मांदेली, करंदी, जवळा यांचे वाटे लावलेल्या कोळणींशी हुज्जत घालण्यात तिचे बालपण गेले. समुद्रकाठी लहान माशाला कोणी तुच्छ मानीत नाही. पापलेट परवडले नाही म्हणून मांदेली खाल्ली असे न म्हणता, आज मांदेली ताजी होती म्हणून पापलेट घेतले नाही असेही तेथे लोक म्हणतात. लग्न होऊन आई जबलपुरास आली तेव्हा येथल्या बाजारात तिला रोहूचे तुकडे दिसले आणि तिने विचारले, ‘‘अरे, यांच्या नदीत फक्त म्हातारे मासेच राहतात की काय?’’

तिसरे कारण सर्वांत गंभीर आहे, आणि त्यात माझा स्वतःचा वाटा आहे. येथे ‘वाटा’ हा शब्द मी दुसऱ्या अर्थाने वापरतो आहे.

तळ्यात मत्स्यपालन करायचे तर रोहू, कटला, मृगळ यांचे बीज सोडण्यापूर्वी तळे ‘स्वच्छ’ करावे, असे आपले शास्त्र अनेक दशके सांगत आले. स्वच्छ करणे म्हणजे दोन प्रकारचे मासे नाहीसे करणे. एक, शिवडा-मुरळ यांसारखे भक्षक. दुसरे, चिलवा-कोतरी-मोला यांसारखे, ज्यांना पुस्तकांत सरळ ‘तण मासे’ म्हटलेले असते. शेतातले तण पिकाचे अन्न खाते, तसे हे मासे रोहू-कटल्याचे अन्न खातात, हा त्यामागचा तर्क. उपायही सोपा आणि आपल्या मध्यप्रदेशात सहज मिळणारा. मोहाच्या बियांचे तेल काढल्यावर जी पेंड उरते, ती हेक्टरी सुमारे २,५०० किलो या प्रमाणात पाण्यात घालायची. तिच्यातील सॅपोनिन नावाचे द्रव्य माशांच्या रक्तात शिरते आणि तांबड्या पेशी फोडते. काही तासांत मासे तरंगू लागतात. दोन-तीन आठवड्यांत विषारीपणा ओसरतो आणि पेंडीचे खत होते. मेलेला मासा माणसाला खाण्यास अपाय नाही. कागदावर यापेक्षा निर्दोष योजना सुचणे कठीण.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मी एका जनपद पंचायतीचा कारभार पाहत होतो. इतिहास घेऊन एम. ए. झालेल्या माणसाला माशांतले काय कळणार? फाईल आली, तांत्रिक टिपण जोडलेले होते, खर्च मंजुरीच्या मर्यादेत होता; मी सही केली. पेंड टाकण्याच्या दिवशी मी तळ्यावर हजर होतो. दुपारपर्यंत काठाला पांढरी साय धरावी तसे लहान मासे लागले. गावातल्या बाया टोपल्या घेऊन धावल्या. कोणी पदरात भरले, कोणी पातेल्यात. सगळे आनंदातच होते; एवढे मासे एका दिवशी फुकट! एक वयस्क बाई तेवढी टोपली काठावर ठेवून माझ्याजवळ आली आणि तिने अगदी साध्या स्वरात विचारले, ‘‘साहब, आज तो खा लैहैं. अगली साल मोड़ा-मोड़ी का खैहैं?’’ आज तर खाऊ. पुढच्या वर्षी पोरे काय खातील?

मी तिला योजना समजावून सांगितली. रोहू वाढेल, पट्टेदार तो विकेल, पंचायतीला उत्पन्न येईल. तिने सारे ऐकून घेतले आणि टोपली उचलून ती निघून गेली. माझे उत्तर खोटे नव्हते. रोहू वाढला, विकला गेला, पंचायतीला पैसेही मिळाले. परंतु तो रोहू पट्टेदाराचा होता. त्याआधीच्या लहान माशांना मालक नव्हता. रीतीप्रमाणे ज्याच्या हाती कापडाचा तुकडा असेल त्याचे ते मासे. एका सहीने मी गावाचा रोजचा एक घास हिशेबाच्या वहीत जमा केला आणि ताटातून वजा केला. त्या वजाबाकीला आमच्या कोणत्याही नमुन्यात रकाना नव्हता.

तिच्या प्रश्नाचे खरे वजन मला बरेच उशिरा कळले. २०२१ साली जागतिक अन्न पुरस्कार डॉ. शकुंतला थिल्स्टेड यांना मिळाला. त्रिनिदाद बेटात स्थायिक झालेल्या भारतीय वंशाच्या कुटुंबात त्यांचा जन्म झाला, आणि आयुष्याची अनेक वर्षे त्यांनी बांगलादेशातील खेड्यांतून लहान माशांचा अभ्यास करण्यात घालवली. ग्रामीण स्त्रिया आपण होऊन सांगत, की अमुक मासोळीने अंगात बळ येते, तमुक मासोळीने दृष्टी सुधारते. या बोलण्याकडे अडाणी समजूत म्हणून न पाहता थिल्स्टेडबाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते मासे प्रयोगशाळेत तपासले.

तपासात जे निघाले ते झारेकऱ्याच्या घमेल्यात सोन्याची लगड सापडावी तसे होते. शंभर ग्रॅम कच्च्या मोल्यात अ जीवनसत्त्वाचे प्रमाण २,५०० मायक्रोग्रॅमहून अधिक भरले. रोहूत तेच प्रमाण ३० च्याही आत. लहान मुलाची दिवसाची गरज साधारण ४०० मायक्रोग्रॅम धरतात. म्हणजे वजनाच्या हिशेबाने आमच्या सराफाच्या तराजूत वीस-पंचवीस मासे भरतील एवढी, अर्थात मोल्यांची लहानशी मूठ, शिजवताना होणारी घट धरूनही एका मुलाची एका दिवसाची गरज पुष्कळशी भागवू शकते. अ जीवनसत्त्वाच्या अभावी रातांधळेपणा येतो, आजारांशी झुंजण्याची शक्ती खालावते. त्यासाठीच आपल्या देशात १९७० पासून बालकांना या जीवनसत्त्वाचे डोस पाजले जातात. एका हाताने आम्ही डोस पाजत होतो आणि दुसऱ्या हाताने तळ्यात पेंड टाकीत होतो.

आणखी एक गोष्ट. मोल्यातले हे जीवनसत्त्व बहुतांशी त्याच्या डोळ्यांत आणि पोटातल्या अवयवांत असते. म्हणजे डोके छाटून, पोट साफ करून, ‘स्वच्छ’ करून तो खाल्ला तर अधिक सोने गटारात गेले. लहान मासा हाडांसकट चावून खाल्ला जातो, त्यामुळे त्याच्या काट्यातला चुना शरीराला मिळतो. दुधातील चुना जसा अंगी लागतो तसाच हाही लागतो असे प्रयोगांत दिसून आले आहे. रोहूचा काटा आपण ताटाच्या कडेला काढून ठेवतो. भातखाचरातल्या त्या मिशाळ मासोळीत लोह विपुल असते. आणि ज्या तर्काने तळी विषारी केली गेली तो तर्कही पुरता खरा ठरला नाही. रोहू-कटल्याबरोबर मोला वाढू दिला, तर मोठ्या माशांच्या उत्पन्नात फारशी घट येत नाही, असे बांगलादेशातील तळ्यांवर आढळले. शिवाय मोल्याचे बीज विकत आणावे लागत नाही. तो तळ्यातच वर्षातून दोन-तीनदा वितो. अधूनमधून काढून खाल्ला तर उलट त्याची गर्दी आटोक्यात राहते.

आता कोणी ऐकणारे म्हणतील, की चला तर, बारीक जाळे घेऊन नदीवर जाऊ. त्यांना मी थोडे थांबवीन. लहान मासा आणि माशाचे पिल्लू यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. मोला हा चार बोटांचा झाला की पूर्ण वाढलेला असतो, त्याने एकदा तरी प्रजा घातलेली असते. तेवढ्याच लांबीचे रोहूचे बोटुकले मात्र पुढे कित्येक किलोंचे होणार असते. ग्रीनिचच्या त्या मेजवानीतले मासे खरे पाहता हेरिंग आणि स्प्रॅट यांची पिल्ले होती; मंत्रिमंडळ उद्याचा मासा आज खात होते. आपण तसे करू नये. मच्छरदाणीच्या कापडाचे जाळे ओढले, तर जिरे, बोटुकली, मोला, सारे एकाच ओढीत येतात, म्हणून ते वर्ज्यच समजावे. मध्यप्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट या काळात नदीतील मासेमारीस बंदी असते, कारण तो विणीचा हंगाम. नदीशी संबंध नसलेल्या लहान तळ्यांना ही बंदी लागू नाही. शहराचे सांडपाणी जेथे नदीला मिळते त्याच्या खालच्या अंगाचा मासा, लहान असो वा मोठा, खाऊ नये हे सांगायला नको.

चिलवा पकडण्याची सर्वांत सभ्य रीत गरीची. पातळ दोरा, मोरपिसाच्या दांडीचा तरंगा आणि तांदळाच्या दाण्याएवढा गळ. आमिषाला कणकेची मुगाएवढी गोळी किंवा मुंगीचे अंडे. हिवाळ्यात सकाळी ऊन पाण्यावर आले, की चिलव्यांचे थवे पृष्ठभागाशी येतात. तरंगा बुडण्याची वाट पाहू नये. तो नुसता थरथरला की मनगटाला हलका झटका द्यावा. मोठ्या माशाच्या शिकाऱ्याला बळ लागते, येथे फक्त लक्ष लागते. दोन तासांत पाव किलो झाले तर उत्तम. एका कुटुंबाला तेवढे पुरते, आणि त्याहून अधिकाचा लोभ धरणाऱ्याने हा नाद करू नये. कोतरीसाठी तरंगा थोडा वर सरकवून गळ तळाजवळ न्यावा. मोला गळाला क्वचितच लागतो. तो शेतातून उतरणाऱ्या पाण्यावर बांबूच्या कामट्यांचा सापळा लावून किंवा छोट्या फेकजाळ्याने धरतात, आणि जाळ्यात बोटुकली दिसली की ती तत्काळ पाण्यात परत सोडतात. जुने ढीमर हे न सांगता करतात.

पाकसिद्धीचा अधिकार माझ्या आईचा. मी केवळ लेखनिक. मासे खरखरीत पाटीत जाड्या मिठाबरोबर हलक्या हाताने चोळावेत, म्हणजे खवले निघतात. कोतरीचे पोट अंगठ्याने दाबून आतले काढावे, कारण ती कडवट लागते. मोल्याच्या बाबतीत तेवढा सोवळेपणा करू नये. किंचित कडसर चव आमसुलाने मारली जाते. डोकी मुळीच छाटू नयेत. हळद, मीठ, तिखट आणि आमसुलाचे आगळ लावून मासे अर्धा तास ठेवावेत, मग तांदळाच्या पिठात घोळवून मोहरीच्या तेलात कुरकुरीत तळावेत. आमसूल मिळाले नाही तर आमचूर चालते; जबलपुरात आई पन्नास वर्षे ते चालवून घेते आहे आणि अजून कुरकुरते आहे. दुसरा प्रकार अंगाबरोबरच्या कालवणाचा. पसरट पातेल्यात तेल, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, हळद आणि आंबट, त्यावर मासे एकाच थरात मांडून, पाण्याचा केवळ हबका मारून झाकण ठेवायचे. डाव घालायचा नाही. पातेले दोन्ही हातांनी धरून नुसते हलवायचे. पाच-सात मिनिटांत झाले. मासे उरले तर आपण सुकटासारखे उन्हात वाळवतो. चव छान येते आणि चुना टिकतो, परंतु अ जीवनसत्त्व उन्हाने नष्ट होते. म्हणून मुलांच्या ताटात शक्य तो ताजेच वाढावे.

आमच्या इतिहासाच्या अभ्यासात कौटिल्याचा मात्स्यन्याय हटकून येतो. दंडशक्ती नसेल तर मोठा मासा लहानाला गिळतो, आणि हे घडू नये म्हणून राज्य असते, असे त्या आचार्यांचे म्हणणे. विद्यार्थिदशेत मी हे परीक्षेपुरते लिहिले. त्या तळ्याच्या काठी मात्र ध्यानात आले, की राज्याच्या शिक्क्यानेच मोठ्या माशासाठी लहान मासा नाहीसा होऊ शकतो, आणि त्या शिक्क्याखालची सही आपली असू शकते. यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. एक शब्द चुकला होता. ज्याला अन्न म्हणायचे त्याला आम्ही तण म्हटले. पुढचे सारे त्या शब्दाने केले.

त्यानंतर माझ्याकडे तळ्यांची जी जी फाईल आली तिच्यावर मी एक लहानसे टिपण लिहीत आलो. भक्षक मासे जाळ्याने काढावेत, पेंड टाकू नये, आणि पट्ट्यात लहान माशांवरचा गावकऱ्यांचा वहिवाटीचा हक्क राखून ठेवावा. काही ठिकाणी ते मान्य झाले, काही ठिकाणी ‘पाहिले’ अशा शेऱ्यासह परत आले. ज्या तळ्यावर मी पहिली सही केली तेथे पाचसहा वर्षांनी एकदा पुन्हा गेलो होतो. पावसाच्या पुराबरोबर वरच्या ओढ्यातून कोतरी आणि मोला आपणहून परत आले होते. उथळ पाण्यात पोरे जुने लुगडे ताणून त्यांना धरीत होती. त्या बाईंची मी चौकशी केली, तेव्हा त्या मुलीकडे राहायला गेल्याचे कळले. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर त्यांना सांगायचे राहून गेले.

परवा पहाटे सराफ्यातून जाताना एक झारेकरी गटाराच्या कडेला बसून घमेल्यातली माती पाण्यात हलके हलके फिरवीत होता. मी विचारले, ‘‘आज किती निघेल?’’ मान वर न करता तो म्हणाला, ‘‘माशाभर निघालं तरी चुलीला पुरे.’’ माझ्या हातात डबा होता आणि मी तिलवाऱ्याकडे निघालो होतो. संध्याकाळी तेवढेच, चुलीला पुरतील एवढे, चिलवे घेऊन परत आलो. आईने ते पाटीत ओतले, एकेक निरखून पाहिला, आणि त्यांत चुकून आलेले रोहूचे एक बोटुकले बाजूला काढून ‘‘हे कशाला आणलेस? हे अजून व्हायचे होते,’’ म्हणून मला रागे भरली.